पुस्तक मिटल्यावरचा अभ्यास

जानेवारीत पूर्वपरीक्षेचे पेपर तपासून वर्गात वाटले की दरवर्षी एक वाक्य हमखास कानावर येतं, “मॅडम, हे सगळं मी वाचलं होतं, पण पेपरात आठवलंच नाही.” असं म्हणणारी मुलं खोटं बोलत नसतात. त्यांची पुस्तकं उघडून बघा. पानापानावर पिवळ्या हायलायटरच्या रेघा असतात, समासात चांदण्या असतात. रात्री अकरापर्यंत पोर पुस्तक घेऊन बसलं होतं, असं घरचेही सांगतात. कष्ट झालेले असतात, पण ते गुणपत्रिकेत उतरत नाहीत.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेत गणित शिकवते, बोर्डाचे पेपरही तपासते. मला सर्वांत जास्त तळमळ वाटते ती याच मुलांबद्दल. त्यांची बुद्धी कमी नसते आणि चिकाटीही कमी नसते. अभ्यास करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. आम्ही मुलांना दहा वर्षं “अभ्यास करा” म्हणतो, पण “अभ्यास कसा करायचा” ही तासिका वेळापत्रकात कुठेच नसते.

माझं सांगणं थोडक्यात असं आहे. पुस्तक उघडं असतं तोवर वाचन चालू असतं. पुस्तक मिटून, आठवेल तेवढं स्वतःच्या हातानं कागदावर उतरवायला घेतलं की अभ्यास सुरू होतो.

ओळखीचं वाटतं, म्हणून येतं असं वाटतं

धडा तिसऱ्यांदा वाचताना नजर झरझर पुढे सरकते. वाक्य सुरू झालं की पुढचं काय आहे ते कळतं. हे सोपं जातंय म्हणजे मला येतंय, अशी मनाची समजूत होते. पण परीक्षेत धडा समोर नसतो, नुसता प्रश्न असतो. उत्तर आठवून काढावं लागतं, आणि आठवून काढण्याचं हे काम घरी एकदाही केलेलं नसतं.

अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी दरवर्षी पालकसभेत सांगते. विद्यार्थ्यांना विज्ञानातले छोटे उतारे दिले होते, त्यातला एक सूर्याविषयी होता, एक समुद्रात राहणाऱ्या ऑटर या प्राण्याविषयी. एका गटानं चारही सत्रांत उतारा फक्त वाचला. या गटाचं सरासरी 14 वेळा वाचन झालं. दुसऱ्या गटानं पहिल्या सत्रात तीन-चार वेळा वाचलं आणि पुढच्या तीन सत्रांत उतारा न बघता आठवेल ते लिहून काढलं.

पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता. त्यांना 83 टक्के भाग आठवला, लिहिणाऱ्यांना 71 टक्के. आठवड्यानंतर परीक्षा घेतली तेव्हा चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना 61 टक्के. आपल्याला किती लक्षात राहील, असं आधी विचारलं होतं तेव्हा जास्त खात्री होती ती वाचणाऱ्या गटालाच. “सगळं वाचलं होतं” म्हणणाऱ्या माझ्या मुलांचं कोडं मला या आकड्यांत सुटलेलं दिसतं. वाचून उठल्यावर त्यांना सगळं येत असल्यासारखं वाटतं, ते पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेसारखं असतं. बोर्डाची परीक्षा मात्र कित्येक आठवड्यांनंतर असते.

2013 मध्ये जॉन डन्लॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवर झालेलं संशोधन एकत्र करून तपासलं. पुन्हा पुन्हा वाचणं आणि ओळींखाली रेघा ओढणं या दोन्हींना त्यांनी कमी उपयोगाच्या पद्धतींत टाकलं. स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यासाचे टप्पे दिवसांच्या अंतरानं पाडणं, या दोन पद्धती सर्वांत वरच्या ठरल्या. मुलं मात्र आपला बहुतेक वेळ पहिल्या दोन पद्धतींवरच घालवतात, कारण त्यात डोक्याला ताण पडत नाही.

विसरण्याचा हिशेब

मुलांना विसरण्याची लाज वाटते. विसरणं हा डोक्याचा नेमच आहे, हे त्यांना समजावून सांगावं लागतं. हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं काहीही अर्थ नसलेली अक्षरं पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि 1885 मध्ये ते पुस्तकरूपानं मांडले. पाठ केलेली यादी काही काळानं पुन्हा पाठ करायची आणि या खेपेला पहिल्यापेक्षा किती श्रम वाचले ते मोजायचं, अशी त्याची रीत होती. एका दिवसानंतर जेमतेम एक तृतीयांश श्रम वाचत, महिन्यानंतर एक पंचमांश. सगळ्यात मोठी गळती पहिल्या काही तासांतच होते.

अर्थपूर्ण धडा अर्थहीन अक्षरांपेक्षा जास्त टिकतो, पण गळतीचा कल तसाच असतो. म्हणून मी मुलांना सांगते की धडा शिकवला त्याच संध्याकाळी दहा मिनिटं वही मिटून आठवा. मग दुसऱ्या दिवशी, मग आठवड्यानं, मग तीन आठवड्यांनी. धड्याच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं तारखा टाका आणि आठवून झालं की त्या तारखेवर बरोबरची खूण करा. रविवारी सलग चार तास एकच विषय रेटण्यापेक्षा तेच चार तास महिनाभरात वाटून केलेले बरे. विसरायला लागलेली गोष्ट आठवताना डोक्याला जो ताण पडतो, त्यानंच ती पक्की होते. “आठवताना त्रास होतोय” अशी तक्रार आली की मी म्हणते, अभ्यास होतोय, थांबू नका.

व्याख्या, नियम, सनावळ्या, सूत्रं यांसाठी कार्डं करावीत. विकतची लागत नाहीत. लग्नसराईत घरोघरी पत्रिकांचा ढीग जमतो. पत्रिकेची कोरी बाजू कापायची, वर प्रश्न लिहायचा, खाली उत्तर लिहायचं आणि मधोमध घडी घालायची, म्हणजे उत्तर झाकलं जातं. बुटांच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठे लावून तीन कप्पे करायचे, पहिला रोजचा, दुसरा तीन दिवसांआडचा, तिसरा आठवड्याचा. उत्तर बरोबर आलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात जातं, चुकलं तर ते परत पहिल्यात येतं. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकानं 1972 मध्ये ही रीत लोकांपुढे आणली. तिचा मोठा फायदा असा की जे येतं त्यावर वेळ जात नाही, आणि जे येत नाही ते रोज समोर येत राहतं.

माझ्या एका विद्यार्थिनीची आजी चौथीपर्यंत शिकलेली. संध्याकाळी नात भाकरी थापायला बसली की आजी खोका घेऊन शेजारी बसायची. अक्षर लावत लावत प्रश्न वाचायची, नात परातीतून मान वर न करता उत्तर द्यायची. एकदा मी त्यांच्या घरी गेले होते तेव्हा केप्लरचा दुसरा नियम चालला होता. ग्रह आणि सूर्य यांना जोडणारी रेषा समान क्षेत्रफळ व्यापते, असं नातीनं सांगितलं. आजीनं कार्डावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “परत सांग गं बाय, ‘समान कालावधीत’ राहिलं.” परीक्षेत नेमक्या त्याच दोन शब्दांवर गुण गेला असता. केप्लर कोण हे आजीला ठाऊक असायची गरज नव्हती. सांगितलेलं कार्डावरच्या ओळीशी जुळतं का, एवढं ती चोख बघत होती.

गणिताचा सराव मिसळून करावा

गणितात वेगळी फसगत होते. दहावीच्या पुस्तकात प्रत्येक घटकानंतर सरावसंच असतो. वर्गसमीकरणाच्या सरावसंचातली बाराही उदाहरणं वर्गसमीकरणाचीच असतात, त्यामुळे रीत कोणती वापरायची हा विचार करावाच लागत नाही. पहिलं उदाहरण सुटलं की बाकीची त्याच वळणानं सुटतात. पेपरात मात्र उदाहरण कोणत्या प्रकरणातलं आहे ते लिहिलेलं नसतं, ते आधी ओळखावं लागतं. बोर्डाच्या उत्तरपत्रिकांत मला जागोजाग असं दिसतं की सूत्र नीट पाठ आहे, पण ते भलत्याच उदाहरणाला लावलं आहे.

साउथ फ्लोरिडा विद्यापीठातल्या डग रोहरर आणि केली टेलर यांनी 2007 मध्ये यावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. चार वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायला विद्यार्थ्यांना शिकवलं. एका गटानं एकेका आकृतीची उदाहरणं एकत्र सोडवली, दुसऱ्यानं चारही प्रकार मिसळून. सरावात पहिला गट खूप पुढे होता, त्यांची 89 टक्के उत्तरं बरोबर आली आणि मिसळून करणाऱ्यांची 60 टक्के. आठवड्यानंतरच्या परीक्षेत पहिला गट 20 टक्क्यांवर घसरला, मिसळून करणारा 63 टक्क्यांवर टिकला. आपल्याकडे महत्त्वमापन शिकताना शंकू, वृत्तचिती, गोल यांचं नेमकं असंच होतं.

पुस्तकातला संकीर्ण प्रश्नसंग्रह याच कामासाठी आहे, पण वेळ नाही म्हणून बरीच मुलं तो सोडून देतात. तो सोडू नका. त्याच्या पुढे जाऊन माझी मुलं चिठ्ठ्या करतात. झालेल्या सगळ्या प्रकरणांतल्या उदाहरणांचे क्रमांक चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकायचे, रोज पाच काढायच्या. उदाहरण सोडवण्याआधी एकच ओळ लिहायची, “हे अमुक प्रकारचं आहे, कारण…” ती ओळ जमली की निम्मं गणित झालं.

चुकांची वही

सराव पेपर सोडवून गुण मोजले आणि पेपर बाजूला ठेवला, तर त्यातला निम्मा फायदा वाया जातो. म्हणून प्रत्येक विषयाला एक चुकांची वही हवी. तिच्यात तीन रकाने आखायचे, काय चुकलं, का चुकलं, आणि बरोबर रीत कोणती. मधला रकाना सर्वांत मोलाचा असतो. तिथे “सिली मिस्टेक” लिहायला मी परवानगी देत नाही, कारण त्यातून पुढे काय करायचं ते कळत नाही. प्रश्न अर्धा वाचला, चिन्ह बदललं, सूत्र आठवलं नाही, मुळात समजलंच नव्हतं, असं नेमकं कारण लिहायचं. महिनाभरात प्रत्येकाला आपली नेहमीची चूक दिसू लागते.

कधी उत्तर बरोबर येतं तरीही वहीत नोंद करावी लागते. अंकगणित श्रेढीतलं एक साधं उदाहरण घ्या. 50 आणि 250 यांच्या दरम्यान 6 ने भाग जाणाऱ्या संख्या किती? एका मुलानं 250 मधून 50 वजा केले, 200 ला 6 ने भागलं, 33.33 आलं, आणि उत्तर लिहिलं 33. उत्तर बरोबर आहे. मी त्याला तेच उदाहरण 53 आणि 247 घेऊन करायला सांगितलं. त्याच्या रीतीनं 32 आलं. पण 54 ते 246 या संख्या दोन्ही वेळा त्याच आहेत, म्हणजे उत्तर 33 च यायला हवं. मग त्यानं नीट मांडलं. पहिलं पद 54, सामान्य फरक 6, शेवटचं पद 246. 246 = 54 + (n − 1) × 6, म्हणून n − 1 = 32 आणि n = 33. मधल्या रकान्यात त्यानं लिहिलं, “पहिली आणि शेवटची भाग जाणारी संख्या शोधलीच नाही.” हे वाक्य त्याचं त्याला सापडलं, म्हणून ते त्याच्या लक्षात राहिलं. मी फळ्यावर दहा वेळा सांगितलं असतं तरी इतकं पक्कं झालं नसतं.

पेपर हातात आल्यावर

परीक्षागृहातली हुशारी म्हणजे वेळेचा हिशेब आणि सूचना वाचणं. बीजगणित आणि भूमिती हे दोन्ही पेपर प्रत्येकी 40 गुणांचे आणि दोन तासांचे असतात, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं मिळतात. 8 गुणांच्या पहिल्या प्रश्नाला 15 मिनिटं, 12 गुणांच्या दुसऱ्याला 30, 9 गुणांच्या तिसऱ्याला 27, 8 गुणांच्या चौथ्याला 25, आणि 3 गुणांच्या पाचव्याला 10. ही बेरीज 107 होते, उरलेली मिनिटं तपासण्यासाठी. 2023 पासून मंडळानं पेपर दहा मिनिटं आधी देणं बंद केलं आणि ती दहा मिनिटं शेवटी वाढवून दिली. ती लिहिण्यात खर्च करू नयेत, तपासण्यासाठी राखून ठेवावीत. एखादं उदाहरण अडलं तर त्यापुढे जागा सोडून पुढे जावं. तीन गुणांसाठी वीस मिनिटं अडून बसलेल्या मुलाचे पुढचे सोपे आठ गुण जातात.

गणिताच्या प्रश्नपत्रिकेवर छापलेली एक सूचना फार थोडी मुलं वाचतात. बहुपर्यायी प्रश्नांत पहिल्यांदा लिहिलेलं उत्तरच ग्राह्य धरतात, आणि उत्तर लिहिताना पर्यायाचं अक्षर लिहायचं असतं. म्हणून 1 (अ) मध्ये आधी कच्चं काम करा, खात्री करा, मगच अक्षर लिहा. पुढे स्पर्धा परीक्षांत प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा असतो. नीटमध्ये बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला 1 गुण कापतात, त्यामुळे तिथे अंधारात बाण मारणं महागात पडतं. एमएचटी-सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे तिथे प्रश्न कोरा सोडणं हेच नुकसान. कोणत्या परीक्षेला बसतोय त्याचा नियम आधी माहीत हवा.

पेपर तपासताना आम्ही नुसतं शेवटचं उत्तर बघत नाही. सूत्र लिहिलं, किमती बरोबर घातल्या, तर त्या पायऱ्यांना गुण असतात. आकडेमोड शेवटी चुकली तरी आधीचे गुण जात नाहीत, पण ते द्यायला पायऱ्या कागदावर तर हव्यात. म्हणून काही येत नसेल तरी दिलेली माहिती, आकृती आणि सूत्र लिहावं. चुकलेल्या भागावर एकच सरळ रेघ मारावी. प्रश्नाचा आणि उपप्रश्नाचा क्रमांक ठसठशीत लिहावा. परीक्षकाला उत्तर शोधावं लागलं नाही, की त्याचं लक्ष तुमच्या मांडणीवर राहतं.

भीतीचंही बोललं पाहिजे, कारण ती खरी असते. हेरार्दो रामिरेझ आणि सिअन बाइलॉक यांचं एक संशोधन 2011 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलं. परीक्षेच्या आधी दहा मिनिटं आपल्या मनातली काळजी कागदावर लिहून काढायला सांगितलं, तेव्हा जास्त घाबरणाऱ्या मुलांची कामगिरी सुधारली. मी पूर्वपरीक्षेच्या सकाळी वर्गाला कोरे कागद देते. काय लिहिलं ते मी वाचत नाही, मुलं कागद फाडून टाकतात. परीक्षेच्या आदल्या रात्री जागू नये, हे मी पालकांना हात जोडून सांगते. दिवसभर शिकलेलं झोपेत पक्कं होतं. झोप मोडली की शिकलेलं तर कच्चं राहतंच, दुसऱ्या दिवशीचं लक्षही जातं.

याला पैसे लागत नाहीत

आमच्या शाळेतली बरीच मुलं पहाटे उठून धारा काढतात, दूध डेअरीवर घालतात, मग एसटीनं शाळेत येतात. घरात स्वतंत्र खोली नसते, टेबल-खुर्ची नसते. शहरातल्या मुलांसारखे क्लास आणि गाइडं परवडत नाहीत. या मुलांसाठी मला आठवून काढण्याचा अभ्यास सर्वांत मोलाचा वाटतो. त्याला दिवा लागत नाही, पुस्तकही लागत नाही. एसटीच्या खिडकीशी बसून कालचा धडा मनात सांगता येतो. गोठ्यात उभं राहून आवर्तसारणीतल्या पहिल्या वीस मूलद्रव्यांचे अणुअंक म्हणता येतात. घरी जाऊन पुस्तक उघडलं की राहिलेलं सापडतं, आणि नेमकं तेवढंच पुन्हा वाचायचं असतं.

पालकांनाही यात मोठं काम आहे, आणि त्यासाठी शिक्षण लागत नाही. “अभ्यास झाला का?” असं विचारलं की “हो” एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी “आज काय शिकलीस ते मला समजावून सांग” असं म्हणा आणि पाच मिनिटं ऐका. मूल जिथे अडखळेल तिथे त्याचं त्यालाच कळतं की हे अजून येत नाही. गुणांची चौकशी सहामाहीनंतर करता येते. ही चौकशी रोज करता येते आणि तिचा मुलांना धाक वाटत नाही.

शिक्षक म्हणून माझं आम्हा सर्वांना सांगणं आहे. प्रत्येक तासिकेची पहिली पाच मिनिटं आठवण्यासाठी द्यावीत. वह्या बंद ठेवून कालच्या पाठावर तीन प्रश्न, त्यात गेल्या आठवड्यातला एक. गुण मांडायचे नाहीत, वहीत शेरा लिहायचा नाही, चुकीला रागवायचं नाही. अभ्यासक्रम पूर्ण व्हायचा आहे, पाच मिनिटं कुठून आणू, अशी शंका मलाही सहकारी विचारतात. शिकवलेलं मुलांच्या लक्षात राहिलं नाही तर तो पूर्ण झालेला अभ्यासक्रम कुणाच्या कामाचा? आणि ही सवय दहावीच्या जानेवारीत, पेपर तोंडावर आल्यावर लावून पुरत नाही. ती पाचवीच्या जूनमध्ये, नव्या वर्गाच्या पहिल्या आठवड्यापासून लावली पाहिजे.